जुन्या सागवानी खुर्चीची लाकडी बुचे: न फोडता काढायची कशी आणि तीच परत बसवायची कशी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांच्या वेळच्या चार सागवानी खुर्च्या आहेत, हात डुगडुगतात. हातांवर आणि बैठकीच्या चौकटीवर साधारण अर्ध्या इंचाची गोल लाकडी बुचे आहेत आणि त्यांच्याखाली स्क्रू असावेत. सुतार म्हणतो, ड्रिल मारून बुचे उडवू आणि नवी ठोकू. तुम्हाला मात्र तीच बुचे परत हवी आहेत. जमेल का?

बहुतेक वेळा जमते. वेळ लागतो एवढेच. आणि तुमचा आग्रह अगदी योग्य आहे. त्या बुचावर साठ-सत्तर वर्षांचे ऊन, हाताचा घाम आणि पॉलिशचे थर बसलेले असतात. शेजारच्या लाकडाशी त्याचा रंग एकजीव झालेला असतो. नवे बूच कितीही जपून रंगवले तरी तिरप्या उजेडात ते टिकलीसारखे उठून दिसते.

पण बुचाला हात लावण्याआधी नेमके काय हलते आहे ते बघा. खुर्ची सपाट फरशीवर ठेवा, एका हाताने पुढचा पाय घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने खुर्चीचा हात हळूहळू हलवा. नजर सांध्यावर ठेवा. हात आणि पाय यांच्यामधली फट उघडझाप करत असेल तर स्क्रू ढिला आहे किंवा त्याचे भोक मोठे झाले आहे, म्हणजे बूच काढावे लागेल. फट हलत नाही, पण मागच्या पायाशी बैठकीची पट्टी हलते आहे, असे असेल तर तिथल्या कुसवाचा, म्हणजे पट्टीच्या टोकाच्या खाचेत बसणाऱ्या जिभेचा, सरस (जुना डिंक) सुटला आहे. तिथे हातावरची बुचे काढून काहीच साधणार नाही. गरज नसताना उघडलेले बूच म्हणजे चांगल्या खुर्चीला केलेली जखम, असे माझे मत आहे. चारही खुर्च्यांची सगळी बुचे ‘एकदाचीच’ काढू नका.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ते गोल दिसते आहे ते खरोखर बूच आहे की मेख? भिंग घ्या आणि बॅटरीचा उजेड बाजूने पाडा. गोलाच्या तोंडावर लाकडाचे रेषे आडवे, आजूबाजूच्या लाकडाच्या दिशेनेच धावत असतील तर ते बूच. ते फक्त झाकण आहे. गोलात बारीक ठिपके ठिपके, कापलेल्या उसाच्या तोंडासारखे दिसत असतील तर ती मेख आहे. म्हणजे लाकडाची गोल दांडी आतपर्यंत गेली आहे आणि ती सांधा धरून बसली आहे. कुसू ज्या खाचेत जाते तिथे पायाच्या बाजूवर अशा मेखा मारलेल्या असतात. कसबी सुतार कुसवातले भोक पायातल्या भोकापेक्षा किंचित पट्टीच्या बाजूला सरकवून पाडत, म्हणजे मेख आत जाताना सांधा आपोआप खेचला जाई. अशी मेख आत थोडी वाकलेली असते. ती वरून उपसायचा प्रयत्न केला तर मेखही जाते आणि पायाचा टवकाही निघतो. मेख आरपार असेल तर ती पलीकडून, तिच्यापेक्षा थोड्या बारीक लोखंडी दांड्याने ठोकून काढायची असते. आरपार नसेल तर शक्यतो तिला हात लावायचा नाही.

बूचच आहे याची खात्री झाली की लोहचुंबक फिरवा. एखादा ताकदवान छोटा चुंबक दोऱ्याला बांधून बुचावर लोंबकळता धरा. खाली लोखंडी स्क्रू असेल तर तो ओढला जातो. ओढला गेला नाही म्हणून स्क्रू नाही असे मात्र समजू नका. चांगल्या सागवानी कामात पितळी स्क्रू सर्रास वापरत आणि पितळ चुंबकाला जुमानत नाही. पितळी असल्याची शक्यता दिसली तर पुढचे प्रत्येक पाऊल दुप्पट हळू टाका. पितळेची खाच मऊ असते, एकदा बुजली की स्क्रू फिरत नाही, आणि जोर केला तर मान तुटते.

आता खरा प्रश्न डिंकाचा. बूच सुटेल की फुटेल हे तुमच्या हत्यारापेक्षा त्याभोवतीचा डिंक ठरवतो. फेव्हिकॉल १९५९ मध्ये बाजारात आला. त्याआधीच्या खुर्चीत, आणि त्यानंतरही बरीच वर्षे जुन्या वळणाच्या मिस्त्रींच्या हातच्या कामात, सरस असण्याची शक्यता जास्त. हा जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला, पाण्यात भिजवून गरम करून लावायचा डिंक. सुटलेल्या सांध्यातून सुईच्या टोकाने एक कण खरवडून काढा. कण मधाच्या रंगाचा, काचेसारखा असेल, नखाखाली कुटकन फुटत असेल आणि कोमट पाण्यात टाकल्यावर फुगून जेलीसारखा होत असेल तर तो सरस. पांढरट, रबरासारखा ताणणारा आणि पाण्यात दुधाळ होणारा असेल तर फेव्हिकॉल किंवा त्याच जातीचा डिंक. पाण्याने काहीच होत नसेल, दगडासारखा असेल, तर कोणीतरी मधल्या काळात अ‍ॅरल्डाइट भरले आहे.

सरस असेल तर तुमचे नशीब चांगले. ऊब आणि ओल मिळाली की तो शरण येतो. फेव्हिकॉल उष्णतेने मऊ पडतो, पण चिवट राहतो. अ‍ॅरल्डाइटही गरम केल्यावर ढिले होते, पण त्याला लागणारी उष्णता पॉलिशला सोसवत नाही. तिथे बूच वाचवायचा हट्ट सोडावा.

काढायची पद्धत सांगतो. आधी प्रत्येक बुचाचा फोटो घ्या. मग कागदी टेपचा तुकडा बुचाशेजारी चिकटवून त्यावर क्रमांक लिहा आणि बुचाची वरची कड कुठे आहे ती पेन्सिलीच्या रेघेने दाखवा. बूच गोल असले तरी ते एकाच स्थितीत नीट बसते. वर्षानुवर्षांत लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसते, रेषांच्या लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे बूच आणि त्याचे भोक दोन्ही अगदी किंचित लंबगोल झालेले असतात. फिरवून बसवले तर एका बाजूला अडते आणि दुसऱ्या बाजूला फट पडते. ही खूण न केल्यामुळे मूळ बुचे हातात असूनही परत न बसलेली मी पाहिली आहेत.

मग पॉलिश कापा. हे सगळ्यात जास्त दुर्लक्षिले जाणारे काम. जुन्या खुर्चीवर बहुधा फ्रेंच पॉलिश असते, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडी लाख. त्याचे थर बूच आणि लाकूड यांच्यामधल्या रेषेवरून सलग गेलेले असतात. ते न कापता बूच उचलले तर पॉलिशचा पापुद्रा आजूबाजूच्या लाकडावरून सोलत येतो. धारदार बारीक सुरीचे टोक बुचाच्या कडेवर उभे धरून, दाब न देता, तीन-चार वेळा गोल फिरवा. भिंगातून बघितले की रेषा उघडलेली दिसते.

आता बुचाच्या बरोबर मध्यावर टोच्याने खूण करून दीड मिलिमीटरचे भोक पाडा. ड्रिल सावकाश चालवा, हाती फिरवायचे असेल तर उत्तमच. धातूला टेकले की आवाज बदलतो आणि भुशात चकचकीत कण दिसू लागतात. तिथेच थांबा. अशी बुचे साधारण सहा ते दहा मिलिमीटर जाड असतात, म्हणून बिटावर दहा मिलिमीटरच्या खुणेला टेपचा वेढा घालून ठेवा.

या भोकात दोन-अडीच मिलिमीटर जाडीचा, पूर्ण लांबीभर आटे असलेला लोखंडी स्क्रू हलक्या हाताने फिरवा. त्याचे टोक आधी कानशीने सपाट करून घ्या. टोकदार ठेवला तर तो खालच्या जुन्या स्क्रूच्या खाचेत रुततो आणि खाच खराब करतो. सपाट टोक जुन्या स्क्रूच्या डोक्यावर टेकते आणि पुढे जायला जागा नसल्यामुळे तुमचा स्क्रू फिरताना बुचालाच वर उचलू लागतो. हीच ती युक्ती. पण डिंक मऊ न करता नुसता स्क्रू फिरवत राहिलात तर बूच रेषांच्या दिशेने दोन फाकांत फुटेल. आडव्या रेषांच्या पातळ चकतीला ताण अजिबात सोसत नाही.

म्हणून स्क्रू टेकला की थांबा आणि त्याच्या डोक्यावर २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नचे टोक मिनिटभर धरा. उष्णता स्क्रूमधून बुचाच्या गाभ्यात उतरते आणि वरचे पॉलिश वाचते. हेअर ड्रायर किंवा हीट गनने वरून गरम केले तर उलटे होते. लाख आधी मऊ पडते, तिच्यावर फोड येतात आणि डिंकापर्यंत ऊब पोचतच नाही. सरस असेल तर कापलेल्या रेषेत इंजेक्शनच्या सुईने गरम पाण्याचे दोन थेंब सोडा आणि आजूबाजूच्या पॉलिशवर आधीच मेणाचा हात फिरवून ठेवा, कारण लाखेवर पाणी राहिले की पांढरा डाग पडतो. पाच मिनिटे थांबा. पुन्हा ऊब द्या. मग स्क्रू पाव फेरा फिरवा. रेषेत बारीकशी हालचाल दिसली की समजा सुटले. दिसली नाही तर पुन्हा पाणी, पुन्हा ऊब, पुन्हा पाव फेरा. एका बुचाला अर्धा तास लागला तर तो जास्त समजू नका.

पटाशीने कडेला उचकटू नका. बूच निघेल, पण भोकाची कड चेपेल, आणि चेपलेली कड पुढे कोणत्याही बुचाला, जुन्या किंवा नव्या, नीट बसू देत नाही. बूच फुटणारच असे दिसले तर बुचाचा बळी द्या, भोकाची कड वाचवा. अशा वेळी बुचापेक्षा दोन मिलिमीटर लहान बिटाने मधला भाग काढून घ्या आणि उरलेले कडे अरुंद पटाशीने आतल्या बाजूला ढासळवा. मधूनच बाहेर नाही, बाहेरून मध्याकडे.

शक्य असेल तर हे काम पावसाळ्यात काढू नका. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत बूच आणि भोक दोन्ही फुगून एकमेकांना घट्ट धरतात. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तेच बूच निम्म्या कष्टात निघते.

बूच निघाल्यावर खालच्या स्क्रूकडे बघा. खाचेतली घाण, डिंक, लाख टोच्याने पूर्ण साफ करा. स्क्रू ड्रायव्हरचे पाते खाचेच्या रुंदीला आणि जाडीला नेमके बसले पाहिजे, नाहीतर पाते कानशीवर घासून बसवून घ्या. स्क्रू आधी उघडायला जाऊ नका. आवळायच्या दिशेने किंचित दाबून बघा, बऱ्याचदा तेवढ्यानेच त्याची पकड मोकळी होते. आणि खूप वेळा अर्धा-एक फेरा आवळल्यावर हात डुगडुगायचा थांबतो आणि तुमचे काम संपते. स्क्रू नुसता फिरत राहिला तर तो काढून भोकात सागाच्या बारीक ढलप्या डिंकात बुडवून ठासा, वाळू द्या आणि तोच स्क्रू परत घाला. लांब किंवा जाड स्क्रू घालायचा मोह टाळा. खुर्चीचा हात अरुंद असतो, चिरतो.

इथे एक उपयोगाची खूण सांगून ठेवतो. बुचाखाली फुलीच्या खाचेचा, ज्याला बाजारात स्टार म्हणतात तो स्क्रू निघाला तर ते बूच मूळचे नाही. फुलीच्या खाचेचे पेटंट अमेरिकेत हेन्री फिलिप्सने १९३० च्या दशकात घेतले. आजोबांच्या काळातल्या सागवानी खुर्चीत सरळ खाचेचा स्क्रूच अपेक्षित आहे. स्टार निघाला म्हणजे मधे कोणीतरी दुरुस्ती केली आहे आणि ते बूच जपण्यात फारसा अर्थ नाही. ज्या खुर्च्यांना संग्राहकांत किंमत आहे तिथे असे तपशील निर्णायक ठरतात. चंडीगडच्या सरकारी कचेऱ्यांसाठी स्विस वास्तुविशारद पिएर जाँनरेच्या देखरेखीखाली १९५० च्या दशकात बनू लागलेल्या सागवानी खुर्च्या भंगारात निघाल्या आणि पुढे परदेशी लिलावांत पोचल्या. त्यांच्यावरची कचेरीची रंगवलेली अक्षरे, जुने स्क्रू, जुने पॉलिश हाच त्यांचा पुरावा. कोणी ‘नव्यासारखी’ करायला घासून काढली की तो पुरावा गेला. तुमच्या खुर्च्यांना लिलावाची किंमत नसेल, पण घराची आहे, आणि ती त्याच पृष्ठभागात आहे.

आता बूच परत बसवणे. मला विचाराल तर कस इथे लागतो.

बुचाच्या कडेवरचा जुना डिंक कोमट ओल्या फडक्याने पुसून काढा. फेव्हिकॉल असेल तर ब्लेडच्या पाठीने खरवडा. कड पॉलिशपेपरने घासायची नाही, एका फटक्यात तुम्ही बूच ढिले करून बसाल. भोकाच्या आतल्या भिंतीही तशाच साफ करा. मग कोरडेच बसवून बघा. त्यात दोन अडचणी येतात.

पहिली, बूच खोल जाते. तुम्ही स्क्रू अर्धा फेरा आवळला म्हणजे त्याचे डोके जवळपास मिलिमीटरभर खाली गेले, आणि जुने बूच त्या डोक्यावर टेकून होते. नव्या बुचाला ही अडचण नसते, ते वर ठेवून पटाशीने कापता येते. जुन्या बुचाचे तोंड मात्र कापायचे नाही, कारण तेच तर वाचवायचे आहे. म्हणून जाड कागदाच्या किंवा पातळ पुठ्ठ्याच्या गोल चकत्या कापून खाली घाला. एक घाला, बोट फिरवून बघा, अजून एक घाला. डोळ्यांपेक्षा बोटाच्या टोकाला पातळी चांगली कळते. बूच लाकडाशी तंतोतंत एका पातळीत, किंवा केसभर वर असावे. खाली कधीच नको, त्या खळग्यात धूळ बसून काळे कडे तयार होते.

दुसरी, बूच ढिले बसते. त्याला सागाचा रंध्याने काढलेला, कागदाइतका पातळ छिलका कडेभोवती लपेटा. छिलक्याचे रेषे बुचाच्या तोंडाशी समांतर धावू द्या म्हणजे तो वळतो, मोडत नाही.

चिकटवायचे कशाने? इथे माझे मत ठाम आहे: फेव्हिकॉलने नाही, आणि अ‍ॅरल्डाइटने तर मुळीच नाही. बुचावर भार नसतो. भार स्क्रूवर असतो. बूच फक्त जागेवर राहायला हवे आणि पुढच्या वेळी, वीस-तीस वर्षांनी, निघायला हवे. सागवानी डेकच्या होड्या बांधणारे कारागीर स्क्रूंवरची बुचे वार्निशमध्ये बसवतात ते याच कारणाने. खुर्चीसाठी घट्ट विरघळवलेली चपडी लाख वापरा. बुचाच्या कडेवर बोटाने पातळ लावा, बसवा, वर मेणकागद आणि लाकडाचा ठोकळा ठेवून मोगरीने हलकेच दोन टोले द्या. सरसही चालतो. त्याआधी स्क्रूच्या खाचेत मेणाचा थेंब सोडा, म्हणजे लाख आत उतरून खाच बुजवणार नाही. पुढे जो कोणी उघडेल त्याला खाच स्वच्छ मिळेल.

मध्ये तुम्ही पाडलेले दीड मिलिमीटरचे भोक, स्क्रू फिरल्यावर थोडे मोठे झालेले, आता दिसते आहे. त्यात लाकडाची काडी ठोकू नका. काडीचे तोंड पॉलिश पिऊन गडद होते आणि काळा ठिपका दिसतो. लाकडाच्या रंगाची लाखेची कांडी गरम पात्याने वितळवून त्यात थेंब सोडा, थंड झाल्यावर ब्लेडने सपाट करा. तपकिरीत थोडा पिवळा मिसळलेला रंग जुन्या सागाला बहुधा जुळतो. नुसता तपकिरी लाल दिसतो.

जी बुचे फुटतील किंवा भुंगा लागून पोकळ झालेली निघतील, तिथे नवी करावीच लागतील. बाजारातली तयार सागवानी बुचे घेऊ नका, त्यांचे लाकूड बहुधा तरुण आणि फिकट असते. जुन्या फर्निचरच्या बाजारात, मुंबईत ओशिवऱ्याला म्हणा, मोडक्या सागवानी पट्ट्या मिळतात. त्यातली खुर्चीच्या रेषांशी जुळणारी निवडा. बूच कापायचा कटर ड्रिल स्टँडवर लावूनच चालवा, हातात धरून चालवला तर उडतो. पट्टीच्या सपाट तोंडातून कापा, म्हणजे रेषे आडवे येतात. ताजा कापलेला साग हिरवट, पट्टेरी दिसतो आणि उजेडात हळूहळू सोनेरी होतो, म्हणून कापलेली बुचे आठवडाभर उन्हात ठेवा आणि मगच रंग जुळवायला बसा. साग तेलकट असल्यामुळे बसवण्याआधी कडा अ‍ॅसिटोनने पुसा. बसल्यावर वर राहिलेला भाग एका घावात कापू नका. आधी अर्ध्या उंचीवर पटाशीने एक छोटा काप घ्या आणि रेषे वर चढतात की खाली उतरतात ते बघा. खाली उतरत असतील तर विरुद्ध बाजूने कापा, नाहीतर टवका पातळीच्या खालून निघेल आणि सगळे पुन्हा करावे लागेल.

पॉलिश दोन दिवसांनी. संपूर्ण खुर्चीला नाही, फक्त बुचाच्या रेषेवर, सुती फडक्याच्या छोट्या गोळ्याने पातळ लाखेचे हात द्या. पाण्याचा पांढरा डाग राहिला असेल तर आधी त्याच गोळ्याला स्पिरिटचा एक थेंब लावून डागावरून न थांबता फिरवा. गोळा एका जागी थांबला तर खालची लाख विरघळून फडक्याला चिकटते. सुरुवात मागच्या पायाजवळच्या, सहसा न दिसणाऱ्या बुचापासून करा, आणि पहिले बूच पूर्ण बसून वाळेपर्यंत दुसरे उघडू नका.